‘नाव गेलंय’: न्यायमूर्तींची निवड आणि फाईलवरचं मौन

मंडळी, उच्च न्यायालयाच्या बार रूममध्ये एक वाक्य दबक्या आवाजात बोललं जातं. ‘अमक्यांचं नाव गेलंय.’ कुठे गेलं, कुणी पाठवलं, हे कुणी विचारत नाही, कारण सगळ्यांना कळलेलं असतं. त्या वकिलाचं नाव न्यायमूर्तिपदासाठी सुचवलं गेलेलं असतं. त्या दिवसापासून त्या माणसाचं वागणं बदलतं. सरकारविरुद्धचं एखादं गाजणारं प्रकरण चालून आलं तर ‘सध्या नको’ म्हणून तो ते दुसऱ्याकडे पाठवतो. वर्तमानपत्रात लिहीत असेल तर लिहिणं थांबतं.

माझ्याबरोबर वकिली सुरू केलेल्या एका मित्राचं नाव असंच गेलं होतं. त्यानं संमती दिली. मागच्या वर्षांचं उत्पन्न, त्यानं चालवलेल्या प्रकरणांतले छापून आलेले निकाल, सगळी माहिती भरून दिली. लांब चालणारे दिवाणी दावे घेणं त्यानं बंद केलं, कारण उद्या शपथ झाली तर अशिलाला अर्ध्यावर सोडावं लागेल. त्याचे दोन ज्युनियर दुसऱ्या चेंबरला लागले. पहिले सहा महिने आम्ही रोज विचारायचो, ‘काही कळलं का?’ मग विचारणंच सोडलं. दीड वर्षानं त्यानं चार ओळींचं पत्र लिहून संमती मागे घेतली. त्याच्याविरुद्ध काही होतं का, हे त्याला कुणी सांगितलं नाही. नाव नाकारलंय, असंही कुणी कळवलं नाही. आज मी बोलणार आहे ते या न कळवण्याबद्दल.

तुमच्यापैकी पुष्कळांना वाटत असेल की न्यायाधीश परीक्षा देऊन होतात. खालच्या न्यायालयात ते खरं आहे. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व्हायचं तर आपल्याकडे एमपीएससीची पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा, मुलाखत, गुणवत्ता यादी, सगळं आहे. नापास झालात तर किती गुणांनी झालात हेही कळतं. उच्च न्यायालयासाठी मात्र जाहिरात निघत नाही आणि अर्जही मागवले जात नाहीत. उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि त्यांचे दोन ज्येष्ठ सहकारी नाव ठरवतात. ते मुख्यमंत्री आणि राज्यपालांकडे जातं, तिथून दिल्लीत कायदा मंत्रालयाकडे. मध्ये गुप्तचर विभाग, म्हणजे आयबी, चौकशी करतो. मग सर्वोच्च न्यायालयाचा न्यायवृंद, म्हणजे सरन्यायाधीश आणि त्यांच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचं ‘कॉलेजियम’, त्यावर विचार करतो आणि शिफारस पुन्हा सरकारकडे येते. सरकारला पटलं नाही तर ते नाव एकदा परत पाठवू शकतं. न्यायवृंदानं तेच नाव पुन्हा एकमतानं पाठवलं, तर नेमणूक करणं सरकारला बंधनकारक आहे. कागदावर हे असं आहे.

आता यातलं ‘न्यायवृंद’ हे प्रकरण राज्यघटनेत शोधायला गेलात तर सापडणार नाही. घटनेचं कलम 124 म्हणतं की सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राष्ट्रपती नेमतील आणि त्याआधी सरन्यायाधीशांशी सल्लामसलत करतील. 24 मे 1949 रोजी घटना समितीत यावर चर्चा झाली. काही सदस्यांचं म्हणणं होतं की नुसती सल्लामसलत पुरणार नाही, सरन्यायाधीशांची संमतीच हवी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेलं उत्तर मी पुन्हा पुन्हा वाचतो. सगळा अधिकार सरकारला द्यायला ते तयार नव्हते. अमेरिकेसारखा विधिमंडळाच्या हाती द्यायलाही तयार नव्हते, कारण नेमणुकांवर राजकीय दबाव येईल. आणि सरन्यायाधीश कितीही थोर असले तरी तीही माणसंच, आपल्यासारखेच गुणदोष, भावना आणि पूर्वग्रह असलेली, तेव्हा त्यांच्या हाती नकाराधिकार देणं धोक्याचं, असं त्यांनी स्पष्ट बजावलं. मधला मार्ग म्हणून ‘सल्लामसलत’ हा शब्द राहिला. पुढची सत्तर-पंचाहत्तर वर्षं या एका शब्दावर ओढाताण चालली आहे.

सुरुवातीला सरकारचा शब्द शेवटचा होता. तो काळ फार चांगला होता असं समजू नका. मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालच्या विधि आयोगानं 1958 सालीच लिहून ठेवलं होतं की नेमणुकांत सरकारी वजन चालतं, प्रांत आणि जातजमात पाहिली जाते आणि योग्य माणसं मागे पडतात. तरी सरन्यायाधीश निवडताना ज्येष्ठतेची प्रथा पाळली जात होती.

ती मोडली 1973 मध्ये. 24 एप्रिलला केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला. सात विरुद्ध सहा अशा मतांनी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की संसदेला घटना दुरुस्त करता येईल, पण तिचा मूलभूत ढाचा बदलता येणार नाही. दुसऱ्याच दिवशी जाहीर झालं की पुढचे सरन्यायाधीश न्या. अजितनाथ रे. त्यांच्या आधी ज्येष्ठतेनं शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर हे तिघे होते. तिघेही निकालात सरकारविरुद्ध गेलेल्या बाजूचे, आणि रे अल्पमतातले. तिघांनी राजीनामे दिले. केंद्रीय मंत्री मोहन कुमारमंगलम यांनी लोकसभेत उभं राहून सांगितलं की न्यायाधीशाची जीवनदृष्टी कोणती आहे हे पाहण्याचा सरकारला अधिकार आहे. मला ते म्हणणं मुळीच मान्य नाही. पण ते म्हणणं उघड होतं. मंत्री संसदेत उभा होता, देश ऐकत होता, वकील रस्त्यावर येऊन निषेध करत होते. भांडायला समोर काहीतरी होतं.

पुढे आणीबाणी आली. एप्रिल 1976 मध्ये एडीएम जबलपूर खटल्यात चार न्यायमूर्तींनी मान्य केलं की आणीबाणीत अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येत नाही. एकटे हंसराज खन्ना विरोधात उभे राहिले. जानेवारी 1977 मध्ये त्यांना डावलून न्या. बेग यांना सरन्यायाधीश केलं. खन्नांनी राजीनामा दिला. त्याच काळात उच्च न्यायालयांच्या सोळा न्यायमूर्तींच्या बदल्या झाल्या होत्या. न्यायसंस्थेच्या मनात सरकारबद्दल जी भीती बसली ती इथली आहे, आणि ती समजून घेतल्याशिवाय पुढचे निकाल कळत नाहीत.

1981 च्या एस. पी. गुप्ता निकालात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की सल्लामसलत म्हणजे संमती नव्हे, शेवटचा शब्द सरकारचा. बारा वर्षांनी, 6 ऑक्टोबर 1993 ला, नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठानं हे उलटवलं. आता सरन्यायाधीश आणि त्यांच्या दोन ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या मताला प्राधान्य मिळालं. 1998 मध्ये राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देताना दोनाचे चार झाले. बाबासाहेबांना जे धोक्याचं वाटलं होतं ते अशा रीतीनं न्यायालयीन निकालांतून आलं, फरक एवढाच की नकाराधिकार एका माणसाऐवजी पाच जणांच्या हाती गेला. माझं मत विचाराल तर 1993 चा निकाल शब्दांच्या अर्थाला धरून नव्हता, पण 1973 आणि 1977 डोळ्यांसमोर ठेवले तर तो का आला हे मला कळतं.

2014 मध्ये संसदेनं न्यायिक नियुक्ती आयोगाचा कायदा केला. सहा जणांचा आयोग: सरन्यायाधीश, दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती, कायदामंत्री आणि दोन मान्यवर व्यक्ती. कोणत्याही दोघांनी नाही म्हटलं की नाव पडणार. 16 ऑक्टोबर 2015 रोजी घटनापीठानं चार विरुद्ध एक मतानं तो रद्द केला. विरोधी निकाल देणारे न्या. चेलमेश्वर यांनी न्यायवृंदाच्या बंद दारावर बोट ठेवलं. आयोग रद्द झाल्याचं मला तेव्हा बरं वाटलं होतं. मान्यवर म्हणजे कोण, हे कायद्यात कुठेच नीट लिहिलेलं नव्हतं आणि दोघांच्या नकाराधिकाराची धास्ती खरी होती. पण त्या निकालानंतर पद्धत सुधारण्याचं जे बोलणं सुरू झालं, ते भिजत घोंगडं आजही तसंच पडलं आहे.

सरकारनं तोवर एक गोष्ट ओळखली. ज्येष्ठता डावलली तर ओरड होते. नाव परत पाठवलं तर कारण लिहावं लागतं. काहीच केलं नाही, तर मात्र कुणी काही म्हणू शकत नाही, कारण फाईल ‘विचाराधीन’ असते. दोन नावं एकत्र गेली तर एक उचलायचं आणि दुसरं ठेवायचं, हेही जमतं. जानेवारी 2018 मध्ये न्यायवृंदानं सर्वोच्च न्यायालयासाठी इंदू मल्होत्रा आणि के. एम. जोसेफ यांची नावं एकत्र पाठवली. जोसेफ यांनी उत्तराखंडचे मुख्य न्यायमूर्ती असताना 2016 मध्ये तिथली राष्ट्रपती राजवट रद्द केली होती. एप्रिलमध्ये मल्होत्रांची शपथ झाली, जोसेफ यांचं नाव परत आलं. सरकारनं ज्येष्ठता आणि प्रादेशिक समतोल ही कारणं दिली. न्यायवृंदानं नाव पुन्हा पाठवलं आणि ऑगस्टमध्ये त्यांची नेमणूक झाली, पण त्याच दिवशी शपथ घेणाऱ्या तिघांत त्यांचा नंबर शेवटी लागला. बाहेरच्या माणसाला वाटेल, पहिला काय आणि तिसरा काय! पण पुढे न्यायवृंदात कोण बसणार आणि सरन्यायाधीश कोण होणार, हे सगळं या शपथेच्या क्रमावर ठरतं.

न्यायवृंदाची बाजू घेऊन मी हे बोलतोय असं वाटू देऊ नका. तिथलंही दार बंदच आहे. 12 डिसेंबर 2018 च्या बैठकीत सर्वोच्च न्यायालयासाठी उच्च न्यायालयांच्या दोन मुख्य न्यायमूर्तींच्या नावांवर चर्चा झाली. महिनाअखेरीला न्या. मदन लोकूर निवृत्त झाले, न्यायवृंदातला एक माणूस बदलला, आणि 10 जानेवारीला वेगळीच दोन नावं पुढे गेली. आधीच्या दोघांपैकी न्या. प्रदीप नंदराजोग पुढे आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झाले. डिसेंबरच्या बैठकीतला ठराव संकेतस्थळावर का आला नाही, याबद्दल लोकूर यांनी निवृत्तीनंतर जाहीर नाराजी व्यक्त केली. माहिती अधिकारात तो मागितला गेला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि 2022 च्या डिसेंबरात उत्तर मिळालं की अंतिम सह्या झाल्या नव्हत्या, म्हणजे तो निर्णयच नव्हता.

अमेरिकेत न्यायाधीश निवडीचं राजकारण आपल्यापेक्षा कितीतरी कडवट आहे. 2016 मध्ये ओबामांनी तिथल्या सर्वोच्च न्यायालयासाठी मेरिक गारलँड यांचं नाव दिलं आणि सिनेटनं 293 दिवस सुनावणीच घेतली नाही. तेही एक प्रकारचं फाईल दाबणंच. पण तिथे कोण अडवतंय हे शाळकरी पोराला ठाऊक होतं, कारण सिनेटमधले बहुमताचे नेते मिच मॅक्कॉनेल यांनी ते पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. आपल्याकडे अडवणाऱ्याचं नाव नसतं.

मुंबईचंच एक उदाहरण सांगतो. सोमशेखर सुंदरेसन यांचं नाव मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2021 मध्ये पाठवलं. फेब्रुवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायवृंदानं होकार दिला. नोव्हेंबरमध्ये सरकारनं नाव परत पाठवलं. कारण काय, तर न्यायालयापुढे असलेल्या विषयांवर त्यांनी समाजमाध्यमांत मतं मांडली होती. जानेवारी 2023 मध्ये न्यायवृंदानं ते नाव पुन्हा पाठवलं, आणि या वेळी एक वेगळी गोष्ट केली: सरकारचा आक्षेप आणि त्यावरचं आपलं उत्तर, दोन्ही जाहीर केलं. मतं मांडल्यानं कुणी अपात्र ठरत नाही, असं त्यात लिहिलं होतं. सरकारला हे रुचलं नाही. गुप्तचर यंत्रणांचं म्हणणं असं चव्हाट्यावर आणणं गंभीर आहे, असं तेव्हाचे कायदामंत्री म्हणाले. नेमणूक झाली नोव्हेंबर 2023 मध्ये. दोन वर्षांहून जास्त काळ गेला, पण आक्षेप काय होता हे तुम्हाआम्हाला वाचता आलं. माझ्या मित्राला तेही मिळालं नव्हतं.

लोक मला विचारतात, कारणं जाहीर केली तर त्या वकिलाची बदनामी होणार नाही का? प्रश्न रास्त आहे. म्हणून मी म्हणतो, कारण आधी त्या माणसाला कळवा, बंद पाकिटात कळवा. त्याला उत्तर देऊ द्या. जाहीर करायची ती तारीख करा. फाईल कधी आली आणि आज कुणाच्या टेबलावर आहे, हे प्रत्येक तालुका न्यायालयातल्या साध्या दाव्याबद्दल संकेतस्थळावर दिसतं. न्यायमूर्तींच्या फाईलबद्दल ते दिसायला कुणाची हरकत असावी? मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मागच्या काही वर्षांतल्या शिफारशी आणि नेमणुकांच्या तारखा, कोण कुठल्या समाजघटकातला, कोण कुणा न्यायाधीशाचा नातेवाईक, अशी माहिती संकेतस्थळावर टाकली. मी ती रात्री बसून वाचली. फार दिवसांनी बरं वाटलं.

मुदतीही ठरलेल्या आहेत. 20 एप्रिल 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की आयबीनं चार ते सहा आठवड्यांत अहवाल द्यावा, केंद्रानं त्यानंतर आठ ते बारा आठवड्यांत शिफारस पुढे पाठवावी, आणि पुन्हा आलेल्या नावाची नेमणूक तीन-चार आठवड्यांत व्हावी. त्या पाळल्या जात नाहीत म्हणून बेंगळुरूच्या वकील संघटनेनं अवमानाची याचिका केली. न्या. संजय किशन कौल यांच्या खंडपीठानं नोव्हेंबर 2022 मध्ये म्हटलं की नावं अशी अडकवून ठेवणं हे लोकांना माघार घ्यायला लावण्याचं साधन होऊ लागलं आहे. हे वाचलं त्या दिवशी मी मित्राला फोन केला होता. तो बराच वेळ काही बोलला नाही.

वर्षभर ती याचिका कौल यांच्यापुढे चालली. तारखा पडत होत्या, काही नेमणुका हलत होत्या. डिसेंबर 2023 च्या अखेरीला ते निवृत्त होणार होते. 5 डिसेंबरला ती बोर्डावर यायची होती, आली नाही. वकिलांनी उभं राहून विचारलं, तेव्हा कौल म्हणाले की ती मी काढलेली नाही, आणि काही गोष्टी न बोललेल्याच बऱ्या.