वर्तमानपत्रांना छापावंच लागेल असं पदक

नमस्कार मंडळी.

कार्व्हर. हे नाव घेतलं की आपल्याकडे वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. टस्कीगी, भुईमूग, गुलामीत जन्मलेलं ते अनाथ पोर. वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’मुळे हा माणूस मराठी घरांत नात्यातल्यासारखा झालाय. याच जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांना १९२३ मध्ये एक सुवर्णपदक मिळालं, स्पिंगार्न पदक. आज मला त्या पदकाबद्दल बोलायचंय, कारण ते ज्या विचारातून जन्माला आलं तो विचार मला फार मोलाचा वाटतो.

(पडद्यावर: न्यूयॉर्क, १९१४)

अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी एक मोठी संघटना आहे, एनएएसीपी. स्थापना १९०९ ची. १९१४ मध्ये तिच्या कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष होते जोएल स्पिंगार्न. ज्यू घरातला गोरा माणूस, कोलंबिया विद्यापीठात साहित्य शिकवलेला. त्यांना एक गोष्ट खुपत होती. वर्तमानपत्रांत काळा माणूस दिसायचा तो बहुतेक वेळा आरोपी म्हणून. चोरी झाली, मारामारी झाली की लगेच बातमी. डॉक्टर, शास्त्रज्ञ, गायक, शिक्षक यांच्याबद्दल मात्र अवाक्षर नाही.

लोक लेख लिहितात, निषेध करतात. स्पिंगार्न यांनी सोन्याचं पदक घडवलं! दर वर्षी एका आफ्रिकन-अमेरिकन व्यक्तीला, कुठल्याही क्षेत्रातल्या सर्वोच्च कामगिरीसाठी. आणि ते द्यायचं मोठ्या समारंभात, नामवंत व्यक्तीच्या हस्ते. म्हणजे संपादकाला आवडो न आवडो, बातमी छापावीच लागेल.

पहिला समारंभ झाला १२ फेब्रुवारी १९१५ ला, न्यूयॉर्कमध्ये, लिंकनच्या जन्मदिवशी. पदक कुणाच्या हस्ते? खुद्द न्यूयॉर्क राज्याच्या गव्हर्नरच्या. आणि त्याच आठवड्यात तिकडे लॉस एंजेलिसमध्ये एक चित्रपट झळकला होता, कू क्लक्स क्लानला, म्हणजे कृष्णवर्णीयांवर हल्ले करणाऱ्या गोऱ्यांच्या गुप्त संघटनेला, तारणहार ठरवणारा. हे दोन प्रसंग शेजारी ठेवले की स्पिंगार्न यांना एवढी घाई का होती, ते कळतं.

पहिले मानकरी होते अर्नेस्ट जस्ट. वय ३१. हॉवर्ड विद्यापीठात शिकवायचे आणि उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर, वुड्स होलच्या प्रयोगशाळेत, समुद्री जीवांच्या अंड्यांवर काम करायचे. शुक्राणू शिरताना अंड्याच्या पृष्ठभागावर बदलाची लाट कशी पसरते, हे त्यांनी अतिशय बारकाईने टिपलं. गंमत बघा, त्यांना शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली १९१६ मध्ये, म्हणजे पदकानंतर! पण पुढे अमेरिकेतल्या एकाही मोठ्या गोऱ्या विद्यापीठाने त्यांना जागा दिली नाही. हा माणूस मग कामासाठी नेपल्सला गेला, बर्लिनला गेला, फ्रान्सला गेला. पदकाने नाव दिलं, नोकरी नाही दिली. हेही सांगायलाच हवं.

इथे थोडं आडवळण घेते. हा समारंभ झाला तेव्हा न्यूयॉर्कमध्ये कोलंबियात २३ वर्षांचा एक भारतीय विद्यार्थी शिकत होता. भीमराव आंबेडकर. १९१३ ते १९१६ ते तिथेच होते. पुढे १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. अस्पृश्यांची स्थिती आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची स्थिती यांत किती साम्य आहे, हे त्या पत्रात आहे. आणि त्यांनी मागवली होती अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या निवेदनाची प्रत. हे ड्यू बॉइस म्हणजे १९२० चे स्पिंगार्न पदकाचे मानकरी.

आता १९४४ कडे येऊ. चार्ल्स ड्रू, शल्यविशारद. रक्तातला प्लाझ्मा मोठ्या प्रमाणावर साठवायचा कसा आणि पाठवायचा कसा, हे त्यांनी उभं करून दाखवलं. महायुद्धात ब्रिटनला प्लाझ्मा पाठवण्याच्या मोहिमेचे ते वैद्यकीय प्रमुख होते. आणि त्यांच्याच देशात रेड क्रॉसने आधी कृष्णवर्णीयांचं रक्त घ्यायचंच नाकारलं. नंतर घेतलं, पण वेगळं ठेवून! पाणवठा वेगळा ठेवणारा समाज आपल्या ओळखीचा आहे. तिथे रक्ताच्या बाटल्या वेगळ्या ठेवत होते. याला विज्ञानाचा काडीचाही आधार नाही, असं ड्रू सांगत राहिले.

माझ्या मनातून न जाणारा समारंभ मात्र १९३९ चा. मेरियन अँडरसन, स्वर्गीय आवाजाची गायिका. वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये तिला गाऊ दिलं नाही, कारण तिचा रंग. हॉल ज्या महिला संघटनेचा होता, तिच्या सदस्यत्वाचा राजीनामा राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीने, एलिनॉर रूझवेल्ट यांनी दिला. ९ एप्रिलला, ईस्टरच्या दिवशी, मेरियन लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर उभी राहून गायली. समोर ७५,००० माणसं. आणि २ जुलैला, व्हर्जिनियातल्या रिचमंडमध्ये, तिला स्पिंगार्न पदक दिलं ते एलिनॉर यांनीच. रिचमंड म्हणजे गुलामगिरी टिकवायला लढलेल्या दक्षिणेची जुनी राजधानी, बरं का.

याच जुलै महिन्यात जोएल स्पिंगार्न वारले. मृत्युपत्रात त्यांनी २०,००० डॉलर ठेवले होते, आपल्यामागे पदक बंद पडू नये म्हणून.

ते बंद पडलं नाही. १९५८ मध्ये पदक एकदम दहा जणांना मिळालं. आर्कान्सातल्या लिटल रॉकची नऊ कृष्णवर्णीय मुलं आणि त्यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या डेझी बेट्स. आदल्या वर्षी ही मुलं गोऱ्यांच्या सेंट्रल हायस्कूलमध्ये शिकायला निघाली, तेव्हा वाट अडवायला राज्याच्या गव्हर्नरनेच नॅशनल गार्डचे जवान उभे केले होते. शेवटी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना सैन्य पाठवावं लागलं, तेव्हा मुलं वर्गात बसली. १९१५ मध्ये एका गव्हर्नरने हे पदक आपल्या हाताने दिलं होतं. १९५८ मध्ये ते मिळालं दुसऱ्या एका गव्हर्नरने अडवलेल्या शाळकरी मुलांना. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात त्या गव्हर्नरने काय करावं? लिटल रॉकची सगळी सरकारी हायस्कुलं वर्षभरासाठी बंद केली. गोऱ्या मुलांचीसुद्धा.