परत आलेलं ताट

(वॉर्डाबाहेरचा व्हरांडा. ट्रॉलीची चाकं, स्टीलच्या ताटांचा खडखडाट.)

दुपारचे पावणेदोन वाजलेत. जेवणं आटोपली, उष्टी ताटं गोळा करून ट्रॉली परत निघाली आहे. येताना सगळ्यांचे डोळे तिच्याकडे होते. जाताना तिला कुणी विचारत नाही. या एक बाई सोडून. त्यांनी हात दाखवून ट्रॉली थांबवली आणि वरच्या ताटाचं झाकण उचललं.

भात अर्धा. भाजीला हातच लागलेला नाही. दही चाटूनपुसून संपवलेलं. उकडलेलं अंडं मात्र जसंच्या तसं, कवचासकट.

बाईंच्या हातातल्या कागदावर लिहिलं गेलं: खाट अकरा, चतकोर खाल्लं.

या बाई हॉस्पिटलच्या आहारतज्ज्ञ. त्यांच्यावर फिल्म करायची ठरलं तेव्हा आमच्या डोक्यात वजनकाटा, तक्ते आणि 'हे खा, ते खाऊ नका' एवढंच होतं. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला आणलं ते थेट उष्ट्या ताटांपाशी. "काय गेलं ते मला ठाऊक असतं, मीच लिहून दिलेलं असतं," त्या म्हणाल्या. "काय परत आलं, ते इथे येऊन बघावं लागतं."

स्वयंपाकघराच्या वहीत अकरा नंबरला पूर्ण जेवण गेल्याची नोंद आहे. केस पेपरवरही 'आहार सुरू' असं लिहिलंय. दोन्ही नोंदी खऱ्या, आणि माणूस उपाशी.

हे दुखणं जुनंच. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्ये लिहून ठेवलं होतं की भरल्या घरात हजारो रुग्ण दरवर्षी उपाशी राहतात, कारण त्यांना खाता कसं येईल याकडे कुणी पाहत नाही. न खाल्लेलं अन्न 'मागाहून खाईल' म्हणून रुग्णाच्या उशाशी ठेवून देण्याची सवय त्यांना अजिबात मंजूर नव्हती. तसं ठेवलेलं अन्न पाहूनच उरलीसुरली भूक मरते, असं त्यांचं म्हणणं. आज कुठल्याही वॉर्डात जा, उशाशी गार झालेला चहा आणि त्यावर धरलेली साय दिसेलच.

(खाट अकरा. सत्तरीचे एक आजोबा. उजव्या हाताला सलाईन.)

"आजोबा, अंडं आवडत नाही का?"

"आवडतं की."

"मग तसंच परत पाठवलंत?"

आजोबांनी उजवा हात थोडा उचलून दाखवला. मनगटाजवळ सुई, वर चिकटपट्टी. "हा हात हलवायचा नाही म्हणालेत. एका हाताने सोलू कसं?"

झालं. निदान एवढंच. कुठल्या रक्ततपासणीत हे आलं नसतं. मॅडमनी कागदावर लिहिलं, 'अंडं सोलून द्यावं', आणि खुर्ची पुढे ओढली. आता खरी चौकशी सुरू झाली. वजन किती होतं, आता किती? आजोबांना आठवत नाही. मग पट्ट्याचं भोक कितवं? आधी तिसरं, आता पाचवं. बोटातली अंगठी? ती तर मुलीकडे दिली, निसटायला लागली म्हणून.

हे गप्पांसारखं वाटतं, पण यातून आकडा काढायचा असतो. न ठरवता तीन ते सहा महिन्यांत वजन ५ टक्क्यांहून जास्त उतरलं तर लक्ष ठेवायचं. १० टक्क्यांच्या पुढे गेलं तर लगेच कामाला लागायचं. साठ किलोच्या माणसाचे १० टक्के म्हणजे सहा किलो. घरच्यांना ते 'जरा वाळलेत' एवढंच दिसतं. उंचीही हवी, पण आजोबा उभे राहू शकत नाहीत. मॅडमनी टेप काढली, कोपरापासून मनगटाच्या हाडापर्यंत डावा हात मोजला. त्या मापावरून उंचीचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. मग दंडाचा घेर. टेप दंडाभोवती फिरली तेव्हा कातडी तिच्याखाली सैल सरकत होती. ते आम्ही जवळून चित्रित केलंय. बघायला सुखद नाही, तरी ठेवलंय.

मग हिशेब. धडधाकट माणसाला रोज किलोमागे साधारण ०.८ ग्रॅम प्रथिनं पुरतात. आजारी माणसाला बहुधा १.२ ते १.५ ग्रॅम लागतात, कारण ताप, जखम, संसर्ग यांच्याशी झुंजताना शरीर स्वतःचेच स्नायू मोडून वापरतं. ऊर्जा किलोमागे २५ ते ३० कॅलरी. म्हणजे गरज वाढते नेमकी तेव्हा, जेव्हा भूक गेलेली असते. त्यात तपासण्या. 'उपाशीपोटी ठेवा' अशी चिठ्ठी सकाळी लागते, मशीनपाशी नंबर दुपारी येतो, आणि तोवर जेवणाची ट्रॉली येऊन गेलेली असते. लागोपाठ दोन दिवस असं झालं तर त्याला लंघन म्हणायचं की उपचार?

(अतिदक्षता विभागाचं दार. आत कॅमेरा जात नाही.)

मग भरपूर खायला घालावं? तिथेही मेख आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस छळछावण्यांतून सुटलेल्या हाडाच्या सापळ्यांना लोकांनी मायेने पोटभर जेवू घातलं, आणि त्यातले काही जण उपासमारीने नव्हे, तर जेवल्यानंतर दगावले. बरेच दिवस उपाशी शरीरात अन्न अचानक आलं की इन्शुलिन उसळतं. रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम भराभर पेशींत ओढलं जातं. रक्तात त्यांचा तुटवडा पडतो आणि हृदयाचा ठोका बिघडतो. म्हणून अशा रुग्णाला आधी जीवनसत्त्व बी-१, मग किलोमागे जेमतेम १० कॅलरींपासून सुरुवात, रोज रक्ततपासणी, आणि हळूहळू चढण. बाहेर बसलेले नातेवाईक विचारतात, "एवढंसंच देताय?" त्यांना हे समजावणंही आहारतज्ज्ञांचंच काम. तेही दिवसातून चार वेळा.

शेजारच्या वॉर्डात अर्धांगाचा झटका आलेल्या एक बाई आहेत. त्यांना सगळ्यात धोक्याचं अन्न कुठलं असेल? साधं पाणी. गिळण्याचे स्नायू ढिले पडले की पाणी त्यांच्यापेक्षा वेगाने धावतं आणि अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतं. म्हणून पाणी दाट करून द्यायचं. किती दाट, हे डोळ्यांनी ठरवत नाहीत. बिनसुईच्या सिरिंजचं तोंड बोटाने दाबून तिच्यात १० मिलि घ्यायचं, बोट काढायचं, १० सेकंद मोजायचे आणि किती उरलं ते पाहायचं. साधं पाणी सगळं गळून जातं. दाट केलेलं उरतं. ४ ते ८ मिलिच्या मध्ये उरलं तर एक पातळी, ८ च्या वर तर पुढची. रुग्णाला कुठली झेपेल ते गिळण्याची तपासणी करणारे तज्ज्ञ सांगतात. ही चाचणी बघताना आमचा साउंड रेकॉर्डिस्ट श्वास रोखून उभा होता.

पथ्य म्हटलं की एक छापील कागद डोळ्यांसमोर येतो. मला विचाराल तर तो कागद या कामाचा सगळ्यात फसवा भाग आहे. मूत्रपिंडाचंच घ्या. डायलिसिस सुरू होण्याआधी प्रथिनं आवरती घ्यायला सांगतात, आणि सुरू झाल्यावर तोच माणूस, तेच मूत्रपिंड, पण प्रथिनं वाढवायला सांगतात, कारण यंत्र रक्तातला कचरा काढताना कामाची प्रथिनंही नेतं. जुना कागद फ्रिजवर चिकटवून ठेवला तर घात. पोटॅशियम वाढलेल्यांना बटाटा बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी फेकून खायला सांगतात. आपण एरवी ज्याला सत्त्व वाया घालवणं म्हणू, तेच इथे औषध. 'कमी सोडियमचं' म्हणून विकलं जाणारं मीठ तब्येतीला बरं म्हणून घरी येतं. त्यात सोडियमच्या जागी बहुधा पोटॅशियम क्लोराईड असतं. बाकीच्या बहुतेकांना चालेल, या रुग्णाला नाही.

ताट निरखून आजार ओळखल्याचं एक जुनं उदाहरण मॅडमनीच सांगितलं. विलेम डिके हे नेदरलँड्सचे बालरोगतज्ज्ञ. पोट फुगलेल्या, खंगत चाललेल्या काही मुलांच्या आजारामागे गहू असावा, अशी त्यांना शंका होती. १९४४-४५ च्या हिवाळ्यात देशात दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला. सगळी मुलं वाळत असताना ही मुलं मात्र सुधारली. पाव परत आला आणि ती पुन्हा आजारी पडली. हा आजार म्हणजे सिलिॲक. त्यात गहू वर्ज्य, हे तिथून पक्कं होत गेलं.

(बाह्यरुग्ण विभाग. टेबलावर वाट्या, चमचे, पेले.)

दुपारनंतर मॅडम ओपीडीत बसतात. इथे येणारे चालत येतात, चालत जातात. साखर जरा वाढलेली, रक्तदाब जरा वर. बहुतेकांचा पहिला प्रश्न: "काय बंद करू?"

मॅडम उत्तर देत नाहीत. त्या विचारतात, "काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय गेलं?"

समोरच्या ताई सांगतात. नाश्ता, जेवण, जेवण. संपलं.

"चहा?"

"हो, तो असतोच. चार वेळा."

"साखर?"

"दोन चमचे. प्रत्येकी."

"स्वयंपाक करताना चव बघितलीत? मुलाच्या ताटात उरलेलं कुणी संपवलं?"

ताई हसल्या. ते कुणी खाण्यात धरत नाही. खोटं बोलायचं नसतं, पण उभ्याने खाल्लेलं आठवणीत बसत नाही, एवढंच.

आता आठ चमचे साखर म्हणजे भरलेल्या चमच्यांनी ४० ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं, वरून घातलेल्या साखरेतून दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी यावी, ५ टक्क्यांच्या आत राहिली तर उत्तम. २००० कॅलरींच्या आहारात हे अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम. फळांच्या रसातली साखरही यात धरतात. अख्ख्या फळातली नाही. फळ चावून खाल्लं की तंतू सोबत जातात, वेळ लागतो, एकात पोट भरतं. रसाच्या पेल्यात तीन फळं कधी गेली ते कळतही नाही.

मिठाचा हिशेब मॅडम वेगळ्याच तऱ्हेने लावतात, आणि मला तो फार आवडला. संघटनेची मर्यादा दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या आत, जेमतेम एक छोटा चमचा. पण रोज कोण मोजणार? म्हणून त्या सांगतात, मिठाचं पाकीट फोडलं की त्यावर तारीख टाका. घरात चार माणसं, रोजचे २० ग्रॅम, म्हणजे एक किलोचं पाकीट ५० दिवस तरी पुरायला हवं. त्याआधी तळ गाठला तर मीठ कुठे जातंय ते शोधा. शिवाय पाव, सॉस, लोणचं, पाकिटातल्या खाऱ्या गोष्टींतलं मीठ या हिशेबात आलेलंच नाही. पाकिटावर बहुतेकदा 'सोडियम' लिहिलेलं असतं. त्याला अडीचने गुणा, मीठ मिळतं. तेलाच्या डब्यालाही हीच तारखेची युक्ती.

ताईंना त्या दिवशी एकच गोष्ट बदलायला सांगितली: चहातली साखर दोनवरून दीड चमचा. आम्हाला वाटलं, बस्स? मॅडम म्हणाल्या, "दहा गोष्टी सांगितल्या तर त्या पुढच्या वेळी येणारच नाहीत." भाज्या-फळं मिळून दिवसाला ४०० ग्रॅम, हे त्यांना माहीत आहेच. त्यांनी फक्त विचारलं की फळं घरात कुठे ठेवता. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. आणि बिस्किटं? टेबलावर. "जागा बदला," मॅडम म्हणाल्या. पुढची चिठ्ठी हातात घेतली.

(वॉर्ड. दुसऱ्या दिवशीची दुपार. पुन्हा ट्रॉली.)

खाट अकरा. झाकण उचललं. अंडं नाही, कवचही नाही. दही संपलेलं. भात थोडा उरलाय. भाजी आजही तशीच.

"आजोबा, अंडं कुणी सोलून दिलं?"

"त्या सिस्टरनी."

"आणि भाजीचं काय?"

आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी तोंडावर हात धरला, मग हळूच खाली घेतला. कवळी घरी राहिली होती. दाखल करायच्या गडबडीत डबी टेबलावरच विसरली, आणि चार दिवसांत त्यांनी लाजेपोटी कुणाला सांगितलं नव्हतं. मॅडमनी तिथूनच त्यांच्या मुलीला फोन लावून दिला.

मग पेन काढलं. खाट अकरा: अर्धं. शेजारी कंसात, कवळी.