पातेलं, सांडशी आणि दुखरी बोटं

(ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस असलेल्या रुग्णांसाठी व त्यांच्या घरच्यांसाठी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. औषधांविषयी डॉक्टर माझ्याआधी बोलून गेले आहेत, त्यामुळे तो भाग माझ्याकडे नाही. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, मराठीत व्यवसायोपचार तज्ज्ञ. पण एक गोष्ट आधीच सांगते. मी आज जे काही सांगणार आहे त्याने आजार थांबत नाही. आजार आटोक्यात ठेवतात ती औषधं. माझं काम एवढंच, की सूज असलेल्या हाताने स्वयंपाक करताना त्या हातावर कमीत कमी भार यावा.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. बायकांमध्ये तो पुरुषांच्या दोन-तीन पट आढळतो. मनगट, बोटांच्या मुळाचे सांधे आणि मधले सांधे, बहुतेक वेळा दोन्ही हातांचे. टोकाचे सांधे सहसा वाचतात. सुजलेल्या अस्तरामुळे सांध्याला धरून ठेवणाऱ्या दोऱ्या सैल पडतात आणि मग रोजचा छोटा छोटा जोरही बोटांना करंगळीच्या बाजूला ढकलत राहतो. म्हणून कोणतं काम ‘जड’ आहे हे वजनावरून ठरवू नका, भार कोणत्या सांध्यावर पडतो ते बघा. अंगठा आणि तर्जनीच्या टोकांनी आपण एक किलोच्या जोराने काही चिमटीत धरलं, तर अंगठ्याच्या मुळाशी सुमारे बारा पट दाब येतो. छोटी चिमूट, मोठा हिशेब! हे ध्यानात ठेवून स्वयंपाकघरात शिरू.

आपल्या घरातली सगळ्यात अवघड वस्तू कोणती, असं विचारलं की लोक कुकर सांगतात. मी पातेलं सांगते. पातेल्याला दांडा नाही, कान नाहीत, नुसता बाहेर वळलेला काठ. तो धरायला आपण सांडशी घेतो. आता हे नीट बघा. दोन लिटर दूध, म्हणजे दोन किलो आणि वर स्टीलचं वजन. हे सगळं सांडशीच्या दोन पात्यांमध्ये, आणि ती पाती घट्ट राहावीत म्हणून मूठ सतत आवळलेली. त्यातच ओतण्यासाठी मनगट वळवायचं. आवळणं, उचलणं, पिळणं, तिन्ही एकाच वेळी, आणि खाली उकळतं दूध. जिची पकड अर्ध्यात सुटते ती निष्काळजी नसते हो, तिच्या हातात त्या क्षणी ताकदच उरलेली नसते.

उपाय खर्चिक नाहीत. दोन्ही बाजूंना कान असलेलं भांडं घ्या आणि जाड फडकी घेऊन दोन्ही तळव्यांनी उचला. त्याहून चांगलं म्हणजे उचलूच नका. रिकामं भांडं गॅसवर ठेवा आणि तांब्याने पाणी घाला. भात उपसून करायचा असेल तर पातेलं वाकवून पेज काढण्याऐवजी झाऱ्याने भात काढून घ्या. दूध डावाने पेल्यात घाला. ओट्यावर एका जागेहून दुसरीकडे न्यायचं असेल तर ओल्या फडक्यावर ठेवून सरकवा. ओटा सपाट आहे, त्याचा उपयोग करून घ्यायचा.

कुकरबद्दल थोडक्यात. नवीन घ्यायचा असेल तर दुकानात झाकण स्वतः लावून-काढून बघा. आतलं झाकण तिरकं करून बाहेर काढावं लागतं, बाहेरच्या झाकणाला पिळा द्यावा लागतो. कोणता जमतो हे तुमचं मनगट सांगेल, विक्रेता नाही. रोजचा वरणभात विजेवर चालणाऱ्या कुकरमध्ये लावला तर शिट्ट्या मोजत उभं राहायला नको. बाटलीचं, बरणीचं झाकण मात्र बोटांनी कधीच पिळायचं नाही. खाली रबरी जाळी, वर तळहाताची टाच, कोपर आणि खांद्याचा जोर. हवाबंद बरणी असेल तर आधी चमच्याच्या बोथट टोकाने कड थोडी उचला, हवा शिरली की निम्मं काम झालं.

आता विळी. तिच्याबद्दल माझं मत बऱ्याच डॉक्टरांना रुचत नाही. जमिनीवर बसावं लागतं, गुडघे दुखतात, म्हणून ती टाकून द्या असं सांगितलं जातं. पण हाताचा विचार केला तर विळी सुरीपेक्षा सोयीची आहे. सुरीत हत्यार धरावं लागतं, दाबावं लागतं, सतत. विळीत पातं जागच्या जागी उभं असतं, आपण दोन्ही हातांनी भाजी पुढे ढकलतो. अडचण फक्त जमिनीवर बसण्याची आहे. मग तीच विळी टेबलाच्या कडेला स्क्रूने घट्ट बसवून खुर्चीत बसून वापरा. अशा विळ्या भांडीबाजारात मिळतात. नारळ खवायला मात्र ओट्याला चिकटून बसणारी, दांडा फिरवायची खवणी बरी. ज्यांची बोटं बधिर होतात किंवा अचानक सुटतात त्यांनी विळीच्या नादी लागू नये, चिरलेली भाजी विकत आणावी. त्यात कमीपणा नाही.

सुरी वापरणाऱ्यांसाठी मूठ जाड करणं हा साधा इलाज. बारीक दांडा धरायला बोटं पूर्ण आवळावी लागतात, जाडाला तेवढी नाही. अमेरिकेत सॅम फार्बर नावाचे उद्योजक होते. त्यांच्या पत्नी बेट्सी यांच्या हातांना संधिवाताचा त्रास होता आणि सोलाण्याने फळं सोलताना त्यांची अडचण होई. त्यातून जाड रबरी मुठीची उपकरणं निघाली आणि 1990 मध्ये ती ‘ऑक्सो’ या नावाने बाजारात आली. रुग्णांसाठी बनवलेली वस्तू पुढे धडधाकट माणसांनीच जास्त उचलली. तुम्हाला ती विकत घ्यायची गरज नाही. एसी बसवणारे तांब्याच्या पाइपवर काळ्या फोमची नळी चढवतात ना, तिचा तुकडा घ्या. सोलाणं, सुरी, चमचा, पेन, सगळ्यांवर बसतो. फक्त आचेजवळ जाणाऱ्या उलथन्या-झाऱ्यांवर घालू नका, वितळेल.

पोळी-भाकरीवर सगळ्यांचं घोडं अडतं, हे मला माहीत आहे. कणीक मळायला यंत्र आहे, पण ‘हातच्या कणकेची चव नाही’ हे वाक्य यंत्राच्या किमतीपेक्षा महाग पडतं. ज्यांना चव कळते त्यांनी मळावी! हाताने मळायचीच असेल तर सैलसर भिजवा, तेल लावून अर्धा तास झाकून ठेवा. आपोआप मऊ होते आणि लाटायला जोर कमी लागतो. परातीखाली ओलं फडकं. परात ओट्यावर ठेवली की काठ वर येतो आणि मनगट मागे मुडपतं, त्याऐवजी ती कमी उंचीच्या टेबलावर घ्या, म्हणजे हात सरळ राहतो आणि अंगाचा भार कामी येतो. लाटणं मुठीत धरू नका, उघड्या तळव्यांखाली फिरवा. भाकरीला पाणी उकळून उकड काढली तर मळणं निम्म्यावर येतं. थापण्याऐवजी प्लॅस्टिकच्या दोन कागदांमध्ये गोळा ठेवून सपाट ताटलीने दाबा. काठ फाटतील. फाटू द्या.

या आजाराची सकाळ वाईट असते. तास-तासभर बोटं मिटत नाहीत आणि नेमकी तीच डब्यांची वेळ. म्हणून सकाळचं काम आदल्या संध्याकाळी संपवा: भाजी चिरून, कणीक मळून फ्रीजमध्ये. उठल्यावर पाच-दहा मिनिटं कोमट पाण्यात हात, मग ओटा. मेथोट्रेक्सेट हे या आजारावरचं औषध घेणाऱ्या काहींना गोळीनंतरचा दिवस मळमळीचा, थकव्याचा जातो, त्या दिवशी खिचडी ठरवूनच टाका. आणि ती गोळी आठवड्यातून एकदाच असते, रोज नाही. ती चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं. डॉक्टर बोलले असतीलच, तरी पुन्हा सांगते.

पण खरी फसगत वाईट दिवसात होत नाही, चांगल्या दिवसात होते. दिवाळीच्या आधी सूज उतरलेली असते, हात हलके वाटतात आणि बाई सोऱ्या बाहेर काढते. पितळी सोऱ्या, घट्ट भाजणी, वरचा दांडा दोन्ही हातांनी पिळायचा, तेल तापलेलं, त्यामुळे थांबताही येत नाही. पहिला घाणा सहज जातो. संध्याकाळी मनगट तापतं, दुसऱ्या दिवशी कंगवाही धरवत नाही. माझा ठोकताळा असा: काम संपल्यावर दुखणं दोन तासांपेक्षा जास्त राहिलं तर ते काम जास्त झालं, पुढच्या वेळी निम्मं करा. चकली हवीच असेल तर पीठ तुम्ही भिजवा, तिखट-मीठ तुमच्या हातचं असू द्या, सोऱ्या घरातल्या जवान माणसाकडे द्या.

इथे पहिल्या रांगेत बसलेल्या काकांनी मघाशी हात वर केला होता. त्यांचा प्रश्न: ‘मी मदतीला जातो, पण ती म्हणते तुमच्याने होत नाही, मध्ये येऊ नका. काय करू?’ काका, ‘मदत’ नका करू, एक काम कायमचं तुमच्याकडे घ्या. सगळी जड भांडी घासणं, कुकर उघडणं, डबे वरच्या फळीवरून काढणं आणि मुख्य म्हणजे रोजच्या वापराचे डबे कमरेच्या उंचीला आणून ठेवणं. हे शेवटचं तर एका रविवारी होईल. आणि वहिनी, त्यांनी पातेलं वाकडं ठेवलं तरी उठून सरळ करायला जाऊ नका.

आणखी एक चिठ्ठी आहे: मनगटाची पट्टी, म्हणजे आधाराचा प्लॅस्टिकचा स्प्लिंट, लावून स्वयंपाक करावा का? दुखत असताना कामापुरती लावली तर आराम पडतो, पण ती ओली झाली की काढा आणि आचेपासून जपा, कारण गरम करून आकार दिलेलं प्लॅस्टिक पुन्हा तापलं की मऊ होतं. बोटांच्या वेगवेगळ्या पट्ट्यांचं मात्र हात बघितल्याशिवाय सांगता येणार नाही.

दाराजवळच्या टेबलावर सोलाणी, स्क्रूची विळी, फोमच्या नळीचे तुकडे आणि दोन प्रकारचे कुकर ठेवले आहेत. हात लावून बघा. ज्यांच्या बोटांना आज सूज आहे त्यांनी आधी या, बाकीच्यांनी थोडं थांबा.