गोष्ट फोडणारे आणि गुरुवारचा आकडा

(इंदूरमध्ये एका संध्याकाळी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. विषय मालिकांचा असला तरी सुरुवात नाटकापासून करतो, कारण आपण इंदूरकर.

आपल्या 'सानंद' या संस्थेचे नाटकांचे प्रयोग शनिवार-रविवारी वेगवेगळ्या गटांसाठी होतात, हे इथं कुणाला सांगायला नको. माझा गट रविवारचा. मागे एकदा रविवारी सकाळी मी पोह्यांच्या ठेल्यावर उभा होतो. प्लेट हातात आली होती, वरून जिरावण मसाला घालून घेत होतो. तेवढ्यात शनिवारच्या गटातले एक स्नेही आले आणि म्हणाले, "भिया, नाटक झकास आहे. खून बायकोनंच केलेला असतो, पण शेवटपर्यंत पत्ता लागत नाही!" मला सकाळी साडेआठलाच पत्ता लागला होता.

संध्याकाळी चिडूनच गेलो. पहिल्या अंकात ती बाई चहाचा ट्रे घेऊन येते. नवऱ्याच्या कपात साखर घालताना तिचा चमचा क्षणभर कपावर थांबतो, मग ती दोनदाच ढवळते. आजूबाजूचे सगळे इन्स्पेक्टरकडे बघत होते. मी एकटा तो चमचा बघत होतो. खरं सांगतो, मजा आली. पण त्या स्नेह्यांना मी अजून माफ केलेलं नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे सांगण्यासाठी आज उभा आहे.

इंग्रजीत ज्याला स्पॉयलर म्हणतात, त्याला आपण 'गोष्ट फोडणं' म्हणू. पेपर फोडतात तशी. २०११ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी, लेविट आणि क्रिस्टनफेल्ड यांनी, विद्यार्थ्यांना १२ लघुकथा वाचायला दिल्या. काहींना शेवट आधी सांगितला, काहींना नाही. ज्यांना शेवट ठाऊक होता, त्यांना कथा सरासरीनं जास्त आवडल्या. मग २०१५ मध्ये जॉन्सन आणि रोझेनबाउम यांच्या अभ्यासात उलटं निघालं, फोडलेली गोष्ट कमी रंगते असं. म्हणजे शास्त्रज्ञांचेही शनिवारचे आणि रविवारचे गट आहेत.

आपल्या परंपरेला विचाराल, तर ती पहिल्या गटात बसेल. कीर्तनाला बसलेल्या कुठल्या आजीला आख्यानाचा शेवट ठाऊक नसतो? ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आलं, तेव्हा शकुंतलेची अंगठी सापडणार की नाही या काळजीनं कुणी आलं नव्हतं. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शननं जुनं 'रामायण' पुन्हा दाखवलं आणि १६ एप्रिलच्या एका दिवसाचा ७.७ कोटी प्रेक्षकांचा आकडा जाहीर केला. लोक घरात कोंडलेले होते हे मान्य. पण रावणाचं काय होणार, हे प्रत्येकाला पाळण्यात असल्यापासून ठाऊक होतं.

तरी मी स्नेह्यांवर का चिडलो? कारण तो चमचा मला दुसऱ्या खेपेलाही दिसला असता. शेवट ठाऊक असताना बघणं हे पुढे कधीही जमतं. ठाऊक नसताना बघणं एकदाच, आणि ती एक वेळ त्यांनी जिरावणाबरोबर खाल्ली. मला विचारलं असतं तर कदाचित मी 'सांगा' म्हणालोही असतो. विचारलं नाही, एवढीच तक्रार.

आता रोजच्या मालिकेकडे येऊ. तिथं पेपर फोडणारा शेजारी नसतो, खुद्द परीक्षा मंडळच असतं. सोमवारी सासूला सत्य कळणार, हे वाहिनी आदल्या आठवड्यात प्रोमोत दिवसातून वीसदा दाखवते. शिवाय पैसे भरले की ॲपवर भाग टीव्हीच्या आधीच बघायला मिळतो. आमच्या पुण्याच्या धाकट्या आत्याकडे ती सोय आहे, त्यामुळे इथल्या थोरल्या आत्याला दुपारच्या चहालाच रात्रीची बातमी फोनवर मिळते. तरी रात्री साडेसातला थोरली आत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला रिमोट घेऊन तयार. "अगं आत्या, सगळं कळलंय ना तुला?" तर म्हणते, "कळलंय रे, बघितलं कुठंय?"

याच आत्याची एक खास इंदुरी गंमत आहे. 'आई कुठे काय करते' डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाली आणि हिंदीतली 'अनुपमा' जुलै २०२० मध्ये. दोन्ही 'श्रीमोयी' या एकाच बंगाली मालिकेवरून घेतलेल्या. आत्या मराठी बघायची, समोरच्या फ्लॅटमधल्या भाभी हिंदी. झालं, आत्या ज्योतिषी बनली. रोज संध्याकाळी भाभी दारात, "दीदी, आगे क्या होगा?" आत्या सांगायची, आणि ते खरं ठरतंय का हे बघायला भाभी आणखी चिकाटीनं टीव्हीसमोर बसायच्या. पुढे दोन्ही कथांच्या वाटा वेगळ्या झाल्या आणि आत्याचं भविष्य चुकायला लागलं. तिला ते फार लागलं. "हिंदीवाल्यांनी गोष्ट बदलली," असं ती जवळजवळ पोलिसात तक्रार केल्यासारखं सांगायची.

गोष्ट का बदलते? इथं गुरुवार येतो. कोणती मालिका किती बघितली गेली याचे आकडे, म्हणजे टीआरपी, २०१५ पासून आपल्याकडे बार्क ही संस्था काढते आणि आठवड्याचा निकाल गुरुवारी लागतो. देशात टीव्ही असलेली घरं वीस कोटींच्या आसपास, आणि मीटर बसवलेली घरं ५०,००० हून थोडी जास्त. वाहिनीच्या आवाजात कानाला ऐकू न येणारी एक खूण मिसळलेली असते, ती मीटर टिपतो. घरातल्या प्रत्येकानं बघायला बसताना आपापलं बटण दाबायचं. कोणती घरं, हे गुप्त. म्हणजे मालिकेतली सगळी गुपितं प्रोमोत फुटतात आणि टिकवायचं गुपित हे एकच. तेही फोडून पैसे चारल्याच्या आरोपावरून २०२० मध्ये मुंबईत पोलीस तपास झाला आणि बातम्यांच्या वाहिन्यांचे आकडे मार्च २०२२ पर्यंत बंद राहिले.

या आकड्याची एक खोच लक्षात घ्या. तो नुसती माणसं मोजत नाही, मिनिटंही मोजतो. अर्ध्या तासाच्या भागातली पंधरा मिनिटं बघून उठलात, तर हिशेबात तुम्ही अर्धे. म्हणून जाहिरातीच्या आधी दार वाजतं आणि जाहिरातीनंतर दारात दूधवाला निघतो. म्हणून एका थपडेनंतर सात चेहरे, प्रत्येकी तीनदा. म्हणून रविवारचा महाएपिसोड. ट्रॅक, म्हणजे कथेचा एखादा धागा, चालला की ताणायचा, पडला की लीप घ्यायचा, मुलं रातोरात मोठी.

गुपित आणि आकडा यांचं नातं पूर्वी वेगळं होतं. अमेरिकेत 'डॅलस' मालिकेत जे. आर. या पात्राला गोळी कुणी घातली, हे १९८० मध्ये कित्येक महिने लपवून ठेवलं होतं. बातमी फुटू नये म्हणून वेगवेगळ्या पात्रांनी गोळी घातल्याची दृश्यं चित्रित केली. २१ नोव्हेंबरला उत्तर मिळालं, तेव्हा तिथं सुमारे ८.३ कोटी लोक बघत होते. तिथं झाकलेल्या गुपितानं आकडा आणला. आपल्याकडे तोच आकडा आणायला गुपित आधीच वाटून टाकतात, कारण रोजच्या बघणाऱ्याला धक्का नको असतो, भेट ठरलेली हवी असते. यात मला गैर वाटत नाही. गैर वाटतं ते पुढचं.

मराठी मालिकांची जी क्रमवारी आपण वाचतो, ती महाराष्ट्र-गोवा बाजारपेठेची असते. इंदूरच्या एखाद्या मराठी घरात मीटर असलाच, तरी तो मध्य प्रदेशच्या खात्यात जाणार. म्हणजे आत्या गेली वीस वर्षं एकही भाग न चुकवता बघतेय आणि त्या यादीच्या लेखी ती बघतच नाही. मालिका जगवायची की मारायची, या मतदानात आपलं नाव नाही. याचा एक फायदा आहे म्हणा. आपल्याला कुणाला जिंकवायचं नसतं, आवडलं तर बघायचं. पण हल्ली माझे भाचे मालिकेबद्दल बोलताना कथा सांगत नाहीत, क्रमांक सांगतात. "ती पाचवर घसरली, आता काय बघायची!" क्रिकेटचा स्कोअर ठीक आहे, तिथं आकडा हाच खेळ. मालिकेत एकदा गुरुवार डोक्यात शिरला, की नायिका रडली तरी मनात येतं, ट्रॅक पडला वाटतं.

गेल्या वर्षी आत्याची एक मालिका अशीच बंद झाली. नाव घेत नाही. सात महिने हरवलेला भाऊ, कोर्टातली केस, लपवलेलं मृत्युपत्र, सगळं शेवटच्या बावीस मिनिटांत उरकलं. भाऊ तर रिक्षातून उतरला आणि थेट ग्रुप फोटोत उभा राहिला. आत्यानं टीव्ही बंद केला, रिमोटची पिशवी नीट केली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग पुण्याला फोन लावला.

"अगं, हे त्यांनी गुंडाळलंय. खरं काय झालं ते मी सांगते. तो भाऊ आधी नाशिकला उतरतो..." आणि पाऊण तास ती न झालेले भाग सांगत होती. कोण कुणाला कोर्टात ओळखतं, मृत्युपत्र कुठल्या डब्यात सापडतं, सगळं. फोन स्पीकरवर होता. मृत्युपत्र उघडायची वेळ आली, तेव्हा पलीकडून धाकटी म्हणाली, "थांब ताई, आज एवढंच. उद्या याच वेळेला कर."