निवळीची नवी प्रजाती: दिसणं वेगळं, ठरणं वेगळं

श्रोतेहो, नमस्कार.

पाऊस ओसरला की ब्रह्मगिरीच्या, अंजनेरीच्या उतारांवरचे ओहोळ निवळतात आणि डोहांवर निवळ्या दिसायला लागतात. लांब पायांच्या, पाण्यावर उभ्या राहणाऱ्या, आपली सावली पडली की झर्रकन सरकणाऱ्या. मधल्या पायांनी वल्हवायचं, मागच्या पायांनी दिशा धरायची आणि आखूड पुढच्या पायांनी पाण्यात पडलेली माशी पकडायची, असा तिचा कारभार. तिच्या पायाची नखी अगदी टोकाला नसते, थोडी अलीकडे असते. त्यामुळे पाण्याचा वरचा पापुद्रा फाटत नाही.

आता समजा, अशाच एखाद्या ओहोळावर तुम्हाला कुठल्याच पुस्तकात नसलेली निवळी दिसली. ती 'नवी प्रजाती' आहे हे ठरवायचं कसं?

मोबाइलवरच्या फोटोने ठरत नाही, हे आधी सांगून टाकतो. फोटोने शंका येते, शाबीत काही होत नाही. पाणकिड्यांच्या कितीतरी प्रजाती वरून पाहिल्या तर सारख्याच. खरा फरक बहुतेक वेळा नराच्या पोटाच्या टोकाशी, जननेंद्रियाच्या बारीक भागांत असतो. म्हणून नमुना अल्कोहोलमध्ये ठेवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली सुईने ते टोक सोडवायचं आणि कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात घालून आतला मऊ भाग विरघळवायचा. मग तो कवचाचा कण ग्लिसरीनच्या थेंबात फिरवत फिरवत बघायचा आणि प्रत्येक बाजूने त्याचं चित्र काढायचं. एक काटा जरा जास्त वाकलेला, एका कडेवर केसांचा झुबका दाट. सगळा दावा एवढ्यावर उभा असतो. हल्ली जोडीला डीएनएची तपासणी असते. ती हवी असेल तर नमुना पहिल्यापासून तीव्र अल्कोहोलमध्येच ठेवावा लागतो. पण नुसत्या डीएनएवर नाव ठोकून मोकळं होणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही. पुढच्या माणसाला डोळ्यांनी ओळखता येईल असं काहीतरी त्याच्या हातात द्यायला हवं.

त्यातून निवळी फसवी. एकाच प्रजातीत काहींना पूर्ण पंख असतात, तर काहींना अजिबात नसतात. डबकं आटायला लागलं की पंखवाल्यांना उडून दुसरं पाणी गाठता येतं, बाकीच्या तिथेच राहतात. शिवाय नर-मादीत फरक, आणि पिल्लांना तर मोठ्यांची ओळखचिन्हं आलेलीच नसतात. घाई केली तर एकाच कुटुंबाची चार नावं व्हायची!

यानंतरचं काम ओहोळावर नाही, जुन्या नोंदींच्या आणि नमुन्यांच्या कपाटांपुढे असतं. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचा हिशेब १७५८ पासून धरतात. त्या वर्षी स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ लिनियस याच्या 'सिस्टेमा नॅचुरी' या ग्रंथाची दहावी आवृत्ती निघाली. त्यात युरोपातली एक निवळी आहे, आणि त्याने तिला ढेकणांच्याच प्रजातिसमूहात बसवलं होतं. हसू नका, नातं खरंच आहे. निवळी आणि ढेकूण दोघांनाही टोचून रस ओढणारी सोंड असते. आपल्याकडच्या या गटातल्या कीटकांवर इंग्रज कीटकशास्त्रज्ञ डिस्टंट यांनी १९०२ ते १९१८ या काळात सात खंड लिहिले. त्यांचा संग्रह आज लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये आहे. म्हणजे त्र्यंबकच्या ओहोळातली निवळी नवी आहे असं म्हणायचं, तर शंभर वर्षांपूर्वी साता समुद्रापार गेलेल्या तिच्या भाऊबंदांशी ती ताडून पाहायला हवी. माझ्या दृष्टीने सगळ्यात चिवट आणि कंटाळवाणं काम हेच, आणि ते टाळलं की पुढे हसं होतं.

एवढं झाल्यावर एक नमुना निवडायचा, साधारणपणे पूर्ण वाढलेला, धडधाकट नर. त्याला होलोटाइप म्हणतात. नवं नाव या एका देहाला बांधलेलं असतं. उद्या कोणाला शंका आली तर तो लेखातलं वाक्य प्रमाण धरत नाही, तो हा नमुना मागवून बघतो. त्याच्यासोबत नखाएवढी कागदाची चिठ्ठी असते: गाव, ओहोळ, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, कोणी गोळा केला. होलोटाइपची चिठ्ठी बहुधा लाल असते. ही चिठ्ठी हरवली तर उरतो तो नुसता मेलेला किडा.

हा नमुना घरच्या कपाटात ठेवून चालत नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे नवी प्रजाती शोधणाऱ्याने त्याची माहिती नेमून दिलेल्या संस्थेला कळवून नमुने तिथे जमा करायचे असतात. प्राण्यांसाठी ही जबाबदारी भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेकडे आहे. तिचं मुख्यालय कोलकात्याला, आणि आपल्याला जवळचं केंद्र पुण्यात आकुर्डीला.

नावाचा भाग मात्र मजेचा. गावावरून ठेवायचं तर शेवटी 'एन्सिस' लावून 'नाशिकेन्सिस' होईल. बाईच्या सन्मानार्थ असेल तर शेवटी 'ई', पुरुषाच्या असेल तर 'आय'. स्वतःचंच नाव द्यायचं नाही, असा शिष्टाचार आहे. अंजनेरीच्या कंदीलपुष्पाला 'अंजनेरिका' हे नाव मिळून बरीच वर्षं झाली, तेव्हा आपल्या डोंगराला हा मान नवा नाही.

छापून आलं तरी नाव पक्कं झालं, असं समजू नका. वीस वर्षांनी कोणी दाखवून दिलं की हीच निवळी आधी दुसऱ्या नावाने नोंदलेली आहे, तर जुनं नाव टिकतं आणि तुमचं मागे पडतं. नियम तसाच आहे, आणि तो बरोबरच आहे.

येत्या आश्विन-कार्तिकात डोंगराकडे गेलात तर एखाद्या डोहाकाठी थोडा वेळ बसा. पकडायच्या भानगडीत पडू नका, राखीव जंगलात त्यासाठी वन खात्याची परवानगी लागते. नुसतं बघा: पंखवाल्या किती, बिनपंखाच्या किती, वाहत्या धारेत कोण आणि संथ पाण्यात कोण. जागा आणि तारीख तेवढी लिहून ठेवा. नमस्कार.