पंचांनी हात मिळवल्याशिवाय

श्रोतेहो, नमस्कार.

खासबागेत कुस्त्या बघितलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. हलगी घुमत असते, दोन मल्ल मातीत उतरलेले असतात, दोघांनी एकमेकांना नजरेनं जोखलेलं असतं. तरी समोर जोड दिसला म्हणून कुणी झेप घेत नाही. पंच दोघांचे हात मिळवतात, सलामी होते आणि मग कुस्ती लागते.

आपल्या रक्तातल्या टी-पेशींची, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींची, रीतही अशीच आहे. शत्रूची खूण पटणं हा पहिला इशारा. तेवढ्यावर टी-पेशी भिडत नाही. तिच्या अंगावर सीडी-२८ नावाचं एक प्रथिन असतं, त्याच्यामार्फत दुसरा इशारा यावा लागतो. तो आला नाही, तर शत्रू समोर असूनही ती सुस्त बसते. तिला असं बसवून ठेवण्यात ज्याचा मोठा हात आहे, त्या प्रथिनाबद्दल मला आज बोलायचं आहे. त्याचं नाव सीबीएल-बी. सीबीएल हे एक घराणं आहे आणि माणसाच्या शरीरात त्यातले तीन भाऊ आढळतात.

हा विषय निवडायला एक कारण आहे. कोविडच्या दिवसांपासून ‘इम्युनिटी वाढवा’ हे शब्द घराघरांत पोचले. आयुष्यभर जीवरसायनशास्त्र शिकवलेल्या मला ते ऐकून दर वेळी काळजी वाटते. वाढवायची म्हणजे किती? आणि वाढलेली ती ताकद कुणावर चालून जाणार?

पेशीत हजारो प्रथिनं सतत तयार होत असतात आणि मोडीतही निघत असतात. कुणाला मोडीत काढायचं, हे एका शिक्क्यानं ठरतं. तो शिक्का म्हणजे युबिक्विटिन, अवघ्या ७६ अमिनो आम्लांचं इवलंसं प्रथिन. या व्यवस्थेचा उलगडा करणाऱ्या एरन चिकानोव्हर, अव्राम हर्श्को आणि अर्विन रोझ यांना २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. शिक्का तयार करणारं एन्झाइम वेगळं, वाहून आणणारं वेगळं आणि तो नेमका कुणावर मारायचा हे ठरवणारं तिसरंच. या तिसऱ्याला युबिक्विटिन लायगेज म्हणतात. माणसात अशी सहाशेच्या वर लायगेज आहेत, कारण खरं काम निवडीचं आहे. शिक्का बसला म्हणजे मरणच आलं, असंही नाही. कधी त्यामुळे प्रथिनाची फक्त जागा किंवा सोबत बदलते.

सीबीएल घराणं हे अशाच लायगेजांचं. त्याची ओळख पटली ती मात्र कॅन्सरमुळे. १९८९ साली उंदरांमध्ये कॅन्सर करणाऱ्या एका विषाणूत यातल्या पहिल्या भावाचं, म्हणजे नुसत्या सीबीएलचं, जनुक सापडलं. नावातला ‘सी’ हा कॅलिफोर्नियातल्या कासिटास या ठिकाणाचा. विषाणूनं उंदराचं जनुक पळवलं होतं, पण अख्खं नव्हे, तुकडाच. त्या तुकड्यात सावज पकडायचा भाग शाबूत होता आणि शिक्का मारायचा भाग गायब होता. नुसती पकड उरलेलं हे प्रथिन जागा अडवून बसतं आणि धडधाकट सीबीएलला तिथं पोचू देत नाही. मला या सगळ्या कहाणीत सर्वांत विलक्षण वाटतो तो हा भाग.

त्यानं बिघडतं काय? पेशीच्या पृष्ठभागावर वाढीचा निरोप घेणारी प्रथिनं असतात, उदाहरणार्थ ईजीएफआर. निरोप पोचला की सीबीएल त्यांच्यावर शिक्का मारतं, मग ती आत ओढली जातात आणि नष्ट होतात. निरोप तिथंच थांबतो. सीबीएल निकामी झालं, तर ‘वाढ, वाढ’ हा निरोप चालूच राहतो. माणसातही रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये, विशेषतः लहान मुलांना होणाऱ्या एका दुर्मीळ ल्युकेमियात, सीबीएलच्या जनुकातले बिघाड सापडले आहेत.

म्हणजे सीबीएल गेलं की कॅन्सर, असं आपण म्हणून मोकळं होऊ. पण दुसऱ्या भावाची गोष्ट उलटी आहे. २००० साली शास्त्रज्ञांनी सीबीएल-बी नसलेले उंदीर तयार केले. त्यांच्या टी-पेशी दुसऱ्या इशाऱ्याची वाटच बघेनात, पंचांच्या आधीच भिडू लागल्या. अशा उंदरांमध्ये टी-पेशी स्वतःच्याच अवयवांवर उलटण्याचा धोका वाढलेला दिसला. पुढे २००७ साली दिसलं की याच उंदरांच्या टी-पेशी कॅन्सरच्या गाठींवरही तुटून पडतात आणि त्या नाहीशा करू शकतात. जो लगाम आपल्या अवयवांना जपतो, त्याच्याच आडोशाला गाठही वाढत असते.

म्हणून आता सीबीएल-बीला तात्पुरतं रोखणाऱ्या, पोटात घ्यायच्या औषधांच्या चाचण्या कॅन्सरच्या रुग्णांवर सुरू झाल्या आहेत. मला त्यांच्याबद्दल मनापासून आशा आहे. पण लगाम सैल करताना कुठवर करायचा, हा प्रश्न उंदरांनी आधीच आपल्यापुढे ठेवला आहे.

हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता नाही. टी-पेशीच्या पृष्ठभागावरचे पीडी-१सारखे लगाम सोडवणारी औषधं आज प्रत्यक्ष वापरात आहेत. या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. ही औषधं कॅन्सरशी लढायला बळ देतात, पण कधीकधी टी-पेशी आतड्यावर, फुप्फुसावर किंवा थायरॉइडवरही उठतात. तुमच्या घरात कुणाची ‘इम्युनोथेरपी’, म्हणजे अशा औषधांचा उपचार, चालू असेल आणि त्यांना वारंवार जुलाब होऊ लागले, धाप लागली किंवा कधी नव्हे इतका थकवा आला, तर घरगुती उपाय करत दोन दिवस घालवू नका. त्याच दिवशी कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करा. गल्लीतल्या दवाखान्यात जावं लागलंच, तर तिथंही आधी हेच सांगा की कॅन्सरची इम्युनोथेरपी चालू आहे. ती थांबून काही महिने झाले असतील, तरीही सांगा.

नमस्कार.