थंडी बनते, पण जाते कुठे?

राम राम मंडळी. मे लागला की जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या पुढे जातो आणि दुपारी एकनंतर रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, हे मी तुम्हाला काय सांगणार. अशा उन्हात मी पत्र्याची एक खोली चाकांवर घेऊन फिरतो. जुनी ट्रॅव्हलर, म्हणजे मिनीबस घेतली, आत दोन पलंग, छोटासा ओटा आणि छतावर एसी, म्हणजे ते आरव्ही म्हणतात ना, तसं देशी प्रकरण. शेजारी म्हणतो, काय भो, चांगलं घर सोडून डब्यात कशाला झोपतो!

तर हा एसी आहे 13,500 बीटीयूचा, बीटीयू म्हणजे एसी तासाला किती गरमी बाहेर काढतो त्याचं माप. 12,000 बीटीयू म्हणजे एक टन, म्हणजे आपला हा एक टनाला जरा वरचढ, एवढ्याशा गाडीला भरपूर झाला. पण गेल्या उन्हाळ्यात तोरणमाळला निघालो, शहाद्याला जेवायला थांबलो, एसी फुल सोडलेला आणि आत बसवेना. ज्याने गाडी बनवून दिली त्याला फोन लावला तर तो म्हणे मोठा एसी टाका. झालं! माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान, आमच्याकडे मोटार गरम झाली म्हणून कोणी मोठी मोटार घेत नाही, आधी उघडून बघतात.

उघडायच्या आधी दोन थर्मामीटर घेतले. एक जिथून एसी हवा ओढतो त्या जाळीत खोचला, दुसरा जिथून गार हवा येते तिथे धरला. पंधरा-वीस मिनिटं चालू दिल्यावर दोघांत साधारण 9 ते 12 अंशांचा फरक पडला तर एसी बरा. माझ्याकडे 5. आणि कॉम्प्रेसर तर जरा चालायचा की बंद, जरा चालायचा की बंद, जसं काही गाडी गार झालीच आहे!

मग लाइन काढून आतलं छताचं झाकण खोललं. छताला साधारण 14 इंचाचं चौकोनी भोक असतं, त्यात दोन कप्पे, एकातून गरम हवा वर जाते, दुसऱ्यातून गार हवा खाली येते, मध्ये पातळसं पार्टिशन. त्या पार्टिशनच्या कडेला माझं बोट आरपार गेलं. म्हणजे गार हवा खाली यायच्या आधीच शेजारच्या कप्प्यात घुसून परत वर. थर्मोस्टॅटचा सेन्सर पण त्याच ओढणाऱ्या कप्प्यात बसवलेला, त्याला वाटायचं खोली थंड झाली, तो कॉम्प्रेसर बंद करायचा आणि आम्ही खाली घाम पुसत बसायचो. पांझरेकाठी फडाचं, म्हणजे बंधाऱ्यातून पाटाने येणारं सामाईक पाणी घेणाऱ्यांना हे लगेच कळेल, बंधारा भरलेला असला तरी पाटाला उंदराने बीळ पाडलं की शेवटच्या वावरात पाणी पोचत नाही, तिथे बंधारा उंच करून काय उपयोग?

सगळ्या कडा स्पिरिटने पुसल्या आणि ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावली. खोक्याची खाकी पट्टी लावू नका, ओल आणि गरमीने ती महिनाभरात लोंबते. पार्टिशनच्या चारी कडा तर बंद केल्याच, शिवाय छताच्या दोन पत्र्यांमधली फट पण, कारण तिथून गार हवा छतातच मुरते. तासाभराचं काम. परत थर्मामीटर लावला, फरक 10 च्या वर.

आता वरची बाजू. हिवाळ्यात गाडी जिनिंगजवळ उभी होती, त्यामुळे कंडेन्सरच्या जाळीवर कापसाच्या तुसाची आणि धुळीची गोधडीच झाली होती. आतली गरमी तिथूनच बाहेर जाते, ती वाटच बंद तर एसी करणार काय बिचारा. मऊ ब्रशने झाडा, मग बादली-मगाने आतून बाहेर पाणी मारा, सर्व्हिस सेंटरचा प्रेशर पंप अजिबात नको, त्या पातळ पत्त्या लगेच वाकतात. आणि कव्हर काढलंच आहे तर एक ऐका, लाइन काढली तरी कपॅसिटरमध्ये, म्हणजे मोटार सुरू करायला करंट साठवणाऱ्या डबीत, करंट राहतो, त्याला हात लावू नका. झटका काय असतो हे मला दुकानात तीनदा कळलंय.

फिल्टर पंधरा दिवसांनी धुवायचा, एवढंच. तुंबला की आतल्या कॉइलवर बर्फ धरतो.

लाइन घेताना लग्नाच्या मांडवातली बारीक वायर ओढू नका, लांब आणि बारीक वायरीत व्होल्टेज पडतं, कॉम्प्रेसर कण्हत सुरू होतो आणि शेवटी जळून माझ्यासारख्याच कोणाच्या तरी दुकानात येतो. माझा धंदा चालेल, पण तुमचा उन्हाळा जाईल.

सगळ्यात जास्त ऊन समोरच्या काचेतून येतं. तिला चमकणारी शीट बाहेरून बांधा, आतून लावली तर काच तापून तापलेलीच राहते. ड्रायव्हर सीटमागे जाड पडदा टाका म्हणजे पुढची जागा गार करायला नको. एसी सकाळी नऊलाच लावायचा, दुपारी दोनला पत्रा चटका देतोय तेव्हा लावला तर निम्मा वेळ तो भांडी, गाद्या, पत्रे गार करण्यातच घालवतो. आणि आपल्या खान्देशी सवयीने बाजूला कूलर ठेवू नका राव, कूलर हवेत ओल सोडतो आणि एसी तीच ओल पिळून काढत बसतो.

एक काम राहिलंय, छताला पांढरा रंग. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला लेकी माहेरी येताहेत आणि यंदा गाडीतच झोपू म्हणताहेत, म्हणून डबा आणि ब्रश आणून ठेवलाय, पण पहाटे पाचला उठून छतावर चढलो तरच हात लागतो, आठनंतर तिथे पाय ठेववत नाही. उद्या चढतो. राम राम.